बिल्डरनं कापलेला एक टक्का जातो कुठं?

या महिन्याच्या टपालात बांधकामाच्या उपठेकेदारांची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. मार्चअखेरची बिलं निघाली, आणि बिलातला आकडा नि बँकेत पडलेली रक्कम यांत फरक का, हे आता मंडळींना टोचायला लागलंय. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत. उत्तरं आर्थिक वर्ष 2025-26 पुरती आहेत. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण मार्च 2026 पर्यंतच्या कमाईचा हिशेब 1961 च्या जुन्या कायद्यानंच होणार. म्हणून क्रमांक जुनेच देते.

कुपवाडहून एक सेंट्रिंग ठेकेदार लिहितात :

ताई, नमस्कार. पंधरा वर्षं सेंट्रिंगचा ठेका घेतोय. विश्रामबागेत एका बिल्डरच्या दोन बिल्डिंगा चालू आहेत, काम लेबर रेटवर, चौरस फुटावर. गेल्या वर्षात त्यांच्याकडं माझी 38 लाख 40 हजारांची बिलं झाली. बँकेत आले 38,01,600. बाकीचे 38,400 टीडीएसला गेले म्हणतात. गावाकडं दोन घरांचे स्लॅब टाकले, त्याचे दीड लाख रोख मिळाले. मजुरी, प्लेटांचं भाडं, टेम्पो सगळं जाऊन हातात साडेसहा लाख राहिले असतील. मागच्या साली नेटकॅफेवाल्यानं रिटर्न भरून दिलं, बँकेत आलं तेवढंच दाखवलं. आता हे 38 हजार बुडाले का? एक मित्र म्हणतो, सहा टक्के दाखव आणि मोकळा हो, वही कोण बघत नाही. दुसरा म्हणतो, नव्या पद्धतीत खर्चच धरत नाहीत, सगळ्या 38 लाखांवर टॅक्स बसंल. पुढच्या वर्षी छोटा हत्ती घ्यायचा आहे, बँक रिटर्न मागती. काय करू?

उत्तर : दुसऱ्या मित्राला आधी गप्प बसवा. नव्या करपद्धतीत जातात त्या विम्याच्या हप्त्यासारख्या, पीपीएफसारख्या घरगुती सवलती. धंद्याचा खर्च दोन्ही पद्धतींत वजा होतो. 38 लाखांवर कर बसायचा असता तर जिल्ह्यातला एकही ठेकेदार दुसऱ्या वर्षी ठेका घ्यायला उरला नसता.

आता तुमचे 38,400. कलम 194सी म्हणतं की ठेक्याच्या बिलावर पैसे देणाऱ्यानं, घेणारा ठेकेदार व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असेल तर 1 टक्का, फर्म-कंपनी असेल तर 2 टक्के कापून सरकारजमा करावेत. एक बिल 30 हजारांच्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज लाखाच्या वर गेली की कापायचं. हाच टीडीएस. ही रक्कम तुमच्याच पॅनवर तुमच्या नावानं जमा होते. तुम्ही मजुराला उचल देता आणि हिशेबाच्या दिवशी वळती करून घेता, तशी ही सरकारनं तुमच्याकडून घेतलेली उचल आहे. हिशेबाचा दिवस म्हणजे रिटर्न. कर कमी निघाला तर फरक परत, शून्य निघाला तर सगळी परत.

पण ती जमा झाली का, हे तुम्हीच बघायचं. प्राप्तिकराच्या पोर्टलवर फॉर्म 26एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडा. बिल्डर दर तिमाहीला पत्रक भरतो. जानेवारी ते मार्चच्या पत्रकाची मुदत 31 मेपर्यंत असते, म्हणून एप्रिल-मेमध्ये घाईनं रिटर्न भरणाऱ्यांचा शेवटच्या तिमाहीचा टीडीएस दिसतच नाही आणि तेवढा रिफंड मागायचा राहून जातो. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर जून उजाडलेला असेल, आता बघायला हरकत नाही. चारही तिमाह्या ताडून पाहा. एखादी गायब असेल तर बिल्डरच्या हिशेबनिसाकडं जा आणि पॅन तपासायला सांगा. एक अक्षर चुकलं तरी तुमचा पैसा दुसऱ्याच्या नावावर पडतो, आणि दुरुस्तीचं पत्रक त्यांनीच भरावं लागतं. पॅनला आधार जोडलेला आहे ना, हेही बघा. नसेल तर कपात 1 टक्क्याऐवजी 20 टक्के होते. कापलेला पैसा बिल्डरनं भरलाच नाही, तर तो कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही, कलम 205 तसं स्पष्ट सांगतं. रिफंड मात्र लटकतो. म्हणून बिलाची प्रत आणि बँकेचं पान जपा.

रिटर्नमध्ये उलाढाल दाखवायची ती 38,40,000. नेटकॅफेवाल्यानं मागच्या साली केलं तसं 38,01,600 नाही. कापलेला कर हाही तुमच्याच कमाईचा भाग आहे. सरकारच्या संगणकावर बिल्डरनं 38.40 लाख लिहून दिलेत, तुम्ही कमी लिहिलंत की रिटर्न सदोष म्हणून नोटीस येते. यात गावाकडचे दीड लाख रोखही धरा, म्हणजे एकूण 39,90,000.

पहिल्या मित्राचा सहा टक्क्यांचा मंत्र आहे कलम 44एडीचा. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल (रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटी), तर वह्या न दाखवता अंदाजे नफा धरायची मुभा आहे. बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के, रोखीवर 8 टक्के. तुमचं गणित : 38,40,000 चे 6 टक्के 2,30,400 आणि दीड लाखाचे 8 टक्के 12,000. मिळून 2,42,400. इथवर मित्र बरोबर आहे. पण कायद्यात पुढं लिहिलंय, की यापेक्षा जास्त कमावलं असेल तर ते जास्त. सहा टक्के हा तळ आहे. सगळ्यांनी तळाशीच बसावं असं कुठंही म्हटलेलं नाही.

आणि इथं माझं ठाम मत आहे, ते सरळ लिहिते. आज तुमच्या उत्पन्नाच्या माणसाला कमी दाखवून एक रुपयाही मिळत नाही. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत कर नाही, 4 ते 8 लाखांवर 5 टक्के, आणि एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर कलम 87ए ची 60 हजारांपर्यंतची सूट. साडेसहा लाख दाखवलेत तर कर होतो 12,500, तो सगळा सुटीत जातो, देणं शून्य, 38,400 परत. 2,42,400 दाखवलेत तरी देणं शून्य आणि 38,400 च परत. मग चार लाख लपवून काय साधलं? छोटा हत्तीच्या कर्जाला बँकेचा माणूस तुमचं रिटर्न उघडेल आणि विचारेल, महिना वीस हजारात घर चालवून हप्ता कशातून भरणार? तीन वर्षं तळाला बसलेले ठेकेदार माझ्या टेबलासमोर येऊन हळहळतात. ताई, मागचं रिटर्न वाढवून देता का, म्हणतात. गरजेला तसं वाढवता येत नाही, आणि आलं तरी मी करणार नाही.

साडेसहा लाख कुठून आले, हे मात्र तुमचं तुम्हाला माहीत हवं. ‘राहिले असतील’ चालणार नाही. माझे वडील गवंडी होते, आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हजेरीची वही घेऊन बसायचे. नाव, हजेरी, दर, उचल, बाकी, अंगठा किंवा सही. एवढं त्यांच्या चौथीच्या शिक्षणात बसत होतं. तशीच वही ठेवा. मजुरी 28 लाख, प्लेटा-जॅकचं भाडं 2.40 लाख, टेम्पो-डिझेल 2.20 लाख, खिळे-तार-पट्ट्या आणि किरकोळ 80 हजार, असा 33.40 लाखांचा खर्च मांडून आला की 6.50 हा आकडा उभा राहतो. 44एडीत या वह्या कुणी मागत नाही हे खरं, पण पुढं उलाढाल वाढली किंवा एखाद्या साली खरोखर नुकसान झालं, तर त्याच उपयोगी पडतात. आणि हे लक्षात असू द्या : 44एडीत एकदा आलात आणि पुढच्या पाच वर्षांत कधी सहा-आठ टक्क्यांच्या खाली नफा दाखवलात, तर पुढची पाच वर्षं या कलमाचं दार बंद. मग उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागं लागतं.

वह्यांवर धंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक काच आहे. एका माणसाला एका दिवसात 10 हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. आठवड्याला चार-पाच हजार घेणाऱ्या मजुराला ते लागत नाही. सगळ्या टोळीचे साठ हजार मुकादमाच्या हातात रोख ठेवून वहीत त्याचंच एक नाव लिहिणाऱ्यांना लागतं. ज्याच्या त्याच्या नावानं हजेरी लिहा.

आता तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. जीएसटी. महाराष्ट्रात सेवेची मर्यादा वर्षाला 20 लाख आहे, तुम्ही तिच्या जवळजवळ दुप्पट गेलात. गावाकडं एकट्या घराचा स्लॅब, निव्वळ मजुरीवर, तर तो करमुक्त आहे. बिल्डरच्या फ्लॅटच्या इमारतीचं काम मजुरीवर असलं तरी करपात्र आहे, दर 18 टक्के. ‘माझा माल नाही, मला जीएसटी नाही’ हे वाक्य मी आठवड्याला दोनदा ऐकते, ते खोटं आहे.

बिल्डर म्हणेल जीएसटी लावू नको. त्याचं कारणही समजून घ्या. फ्लॅटवर तो ग्राहकाकडून 5 टक्के (परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का) घेतो आणि त्यात त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, तेव्हा तुमचे 18 टक्के त्याच्या अंगावर पडतात. पण त्याच्यावरही बंधन आहे की 80 टक्के खरेदी नोंदणीकृत लोकांकडूनच हवी, कमी पडली तर फरकावर 18 टक्के त्यानंच भरायचे. म्हणजे नोंदणी असलेल्या ठेकेदाराचं बिल त्यालाही कामाचं आहे. दर ठरवताना हे बोला. दुसरा रस्ता कंपोझिशनचा, म्हणजे ठरावीक दरानं जीएसटी भरायच्या योजनेचा : मागच्या वर्षाची उलाढाल 50 लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला 6 टक्के. मात्र ते बिलात वेगळे लावता येत नाहीत, तुमच्या नफ्यातून जातात, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षाला सव्वादोन लाखांच्या पुढं. हे 6 टक्के आणि 44एडीचे 6 टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. साडेसहा लाखांतून एवढं गेलं तर धंदा परवडणार नाही, म्हणून बिल्डरशी दराची बोलणी टाळू नका. नोंदणी मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत व्हायला हवी होती. आता मागचा कर आणि वर्षाला 18 टक्के दरानं व्याज असा विषय आहे. माहितीच्या कर सल्लागाराकडं या आठवड्यात जा, नोटिशीची वाट पाहू नका. 38.40 लाखांचा आकडा लपवण्याची सोय बिल्डरच्या पत्रकानं केव्हाच संपवली आहे. नोंदणी झाल्यावर बिलात जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे त्या रकमेवर टीडीएस कापला जाणार नाही.

मिरजेहून एक गृहिणी :

मिस्टर टाइल्स बसवण्याचा ठेका घेतात. हिशेब मी ठेवते, बिलं मी करते, बिल्डरच्या ऑफिसात फोनही मीच करते. शिक्षण बारावी. मला महिना 12 हजार पगार दाखवता येईल का? डिसेंबरात 84 हजारांची कटिंग मशीन आणि लेझर घेतला, 50 हजार यूपीआयनं, 34 हजार रोख. त्याचं किती धरता येईल? शिवाय मोटरसायकलचं पेट्रोल, मोबाईल, साइटवरचा चहा, सेफ्टी बूट, दिवाळीची भेट, गणपतीची वर्गणी, त्यांचा डबा?

उत्तर : तुमची यादी वाचून बरं वाटलं. बहुतेक जण ‘इतर खर्च’ असं एकच लिहून मोकळे होतात.

आधी ठरवा : 44एडीत राहायचंय की वह्या ठेवून खरा खर्च मांडायचाय? 44एडीत राहिलात तर या यादीतलं काहीही वेगळं वजा होत नाही. सगळा खर्च, घसारासुद्धा (वापरानं मशीनची दरवर्षी कमी होणारी किंमत), त्यातच धरला असं मानतात. गंमत म्हणजे मशीनची किंमत कागदावर तरीही दरवर्षी घसरत राहते, जणू तुम्ही घसारा घेतलाच.

वह्या ठेवणार असाल तर एकेक घेऊ. मजुरांचा चहा, सेफ्टी बूट, हेल्मेट, मजुरांना दिवाळीला दिलेले कपडे किंवा बोनस, हे धंद्याचं. मोबाईल आणि पेट्रोल धंद्यापुरतं. त्याच गाडीवर मुलांना क्लासला सोडत असाल तर तेवढा वाटा बाजूला काढा. मी अर्धं-अर्धं धरायला सांगत नाही, एक महिना किलोमीटर लिहून ठेवा आणि त्या हिशेबानं चाला. मंडळाची वर्गणी धंद्याचा खर्च नाही, मंडळवाल्यांनी बिल्डिंगच्या दारात उभं राहून मागितली असली तरी. त्यांचा स्वतःचा डबाही नाही, घरी असते तरी जेवलेच असते.

मशीनवर घसारा वर्षाला 15 टक्के. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा. डिसेंबरची खरेदी म्हणजे साडेसात टक्के. आता दुखणं ऐका : एका दिवसात एकाला 10 हजारांच्या वर रोख दिलेली रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाहीत. तुमचे 34 हजार कायद्याच्या लेखी गेले. उरलेल्या 50 हजारांवर साडेसात टक्के, म्हणजे 3,750. दुकानदारानं रोखीत दोन हजार सोडले असतील, तर ते स्वस्त पडले नाहीत.

पगाराचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, मलाही आवडत नाही. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला मिळालेला पगार पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. अपवाद एकच : बायकोकडं तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार निव्वळ त्या ज्ञानासाठी मिळत असेल. बी.कॉम. होऊन हिशेब सांभाळणारीची बाजू मांडता येते. बारावीवर अवघड आहे, मग तुम्ही हिशेब कितीही चोख ठेवा. दिवसभर फोन करून बिलं वसूल करणाऱ्या बाईच्या कामाला कायदा पात्रतेचा कागद मागतो, हे मला नेहमीच खटकत आलंय. तुमचं वय लिहिलेलं नाही, पण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. घरी बसून होतं.

कराडहून एक बारबेंडिंगवाले (सळ्या बांधणारे) : मी अर्धं काम दुसऱ्या टोळीला देतो. मी पण त्यांचा टीडीएस कापायचा का? उलाढाल 46 लाख.

उत्तर : नाही. तुम्ही व्यक्ती म्हणून धंदा करता, आणि मागच्या वर्षाची उलाढाल 1 कोटीच्या वर असेल तरच कापायची जबाबदारी येते. त्या वर्षी मात्र विसरलात तर टोळीला दिलेल्या रकमेतले 30 टक्के खर्चात धरत नाहीत. स्वतःच्या हजेरीवरच्या मजुराला दिलेली मजुरी हा ठेका नव्हे, तिला 194सी लागत नाही. 46 लाख वाचून जीएसटीचं वर कुपवाडकरांना लिहिलंय ते तुम्हीही वाचा.

जतहून : बँकेतून मजुरीसाठी वर्षात 26 लाख रोख काढले तर बँकेनं 12 हजार कापले. विचारलं तर म्हणतात सरकारचा नियम. रिटर्न आजवर भरलेलं नाही. कसला नियम?

उत्तर : कलम 194एन. लागोपाठ तीन वर्षं रिटर्न न भरणाऱ्यानं वर्षात 20 लाखांच्या वर रोख काढली की वरच्या रकमेवर 2 टक्के. 26 मधून 20 गेले, उरले 6 लाख, त्याचे 12 हजार. बँकेचं गणित बरोबर आहे. हेही पैसे तुमच्या पॅनवर 26एएसमध्ये दिसतील आणि यंदाच्या रिटर्नमध्ये परत मागता येतील, बिल्डरनं कापलेल्या टीडीएससोबत. रिटर्न मुदतीच्या आत भरा, पोर्टलवर बँक खातं प्रमाणित करून घ्या (नाहीतर रिफंड मंजूर होऊनही खात्यात पडत नाही), आणि भरल्याच्या पावतीची एक प्रत त्या शाखेत देऊन पोच घ्या. मजुरांपैकी ज्यांच्याकडं फोन आहे त्यांची मजुरी यूपीआयनं द्यायला लागलात तर रोख काढायची रक्कम आपोआप 20 च्या खाली येईल.